सात खडे

व्हायडनमाट, १८ जुलै २०१६

ती. ऊर्मिलावहिनींना विभावरीचा नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. अहो, आमचं गाव खोलगटात आहे, मोबाइलला रेंज येत नाही. घरातला फोन बैठकीच्या खोलीत, आणि संध्याकाळी तुम्ही घरी असता तेव्हा शेजारी हे बसलेले. पोस्टमन मात्र रोज पिवळी गाडी घेऊन येतो. म्हटलं, लिहूनच टाकू.

आईंना गुहागरहून बॉबलिंगेनला येऊन दोन आठवडे झाले. आमच्या घराला मात्र त्यांचे पाय अजून लागले नाहीत. अन्वीची शाळा सुटली की आजी-नात दोघींना पंधरा दिवस इकडे पाठवा ना. हे शनिवारी गाडी घेऊन येतील. सीमा कधी ओलांडली ते कळतसुद्धा नाही. रस्त्याच्या पाट्या फ्रेंच झाल्या की समजायचं, आलो.

तुम्ही गाव अजून पाहिलं नाहीत, म्हणून सांगते. वस्ती जेमतेम दोनशे. दुकान एकही नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी पाववाल्याची गाडी हॉर्न वाजवत येते आणि बायका पिशव्या घेऊन बाहेर पडतात. चर्चच्या छपरावर करकोच्यांचं घरटं आहे. आमच्या परसात आलुबुखारासारख्या निळ्या फळांचं झाड इतकं लगडलंय की फांद्यांना टेकू दिलेत. मागच्या बाजूला ओढा आहे, आणि त्यावर धुण्याचा जुना दगडी घाट. वर कौलारू छप्पर, खाली वाहतं पाणी. पूर्वी सगळं गाव तिथे कपडे धुवायचं. आता कोणी धूत नाही, पण पंचायतीची माणसं दर महिन्याला घासून पुसून ठेवतात.

शेजारच्या मादाम ओट माझ्या छान मैत्रीण झाल्यात. रोज दुपारी कॉफीला एकमेकींकडे असतो. आईंनाही सोबत होईल.

सत्यजितदादांना नमस्कार, अन्वीला पापा.

तुमची,
विभावरी


बॉबलिंगेन, २३ जुलै २०१६

चि. विभावरीस आशीर्वाद.

तुझं पत्र ऑफिसातून आल्यावर जिन्यातच वाचलं. या आठवड्यात केअरवोखेची पाटी आमच्या दारावर आहे. आल्झो, म्हणजे जिना, तळघर आणि कचऱ्याच्या पेट्यांपुढची जागा झाडायची पाळी माझी. खालच्या मजल्यावरची म्हातारी अजून पायरीवरून बोट फिरवून बघते, तुला आठवत असेलच. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात तुझे करकोचे.

खरं सांगते, पोटात दुखलं. बारा वर्षं मी या देशात आहे आणि माझ्या वाट्याला साडेतीन खोल्या आणि रेल्वेरुळाकडे तोंड केलेली बाल्कनी. तू आलीस पाच वर्षांपूर्वी. माझ्याच शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहिलीस, माझ्याकडून रेसिडेन्स परमिटचे फॉर्म भरून घेतलेस, आणि गेल्या वर्षी उठून ओढ्याकाठी घर घेतलंस. भावोजींचं कौतुकच आहे. पण थोरलीनं पायऱ्या झाडायच्या आणि धाकटीनं झाडाला टेकू द्यायचे, असा काही नियम आहे का गं?

असो. पाठवते दोघींना. आईंना सकाळी गरम पाण्यात मेतकूट नको, मेतकूट भातावर. गरम पाण्यात सुंठ. तू मागे एकदा उलटं केलं होतंस. अन्वीशी मराठी बोलायचा हट्ट करू नकोस, ती उत्तर जर्मनमध्येच देते. मी नऊ वर्षं डोकं फोडलंय.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते, म्हणजे मागाहून घोटाळा नको. आई या खेपेला गौरीचं तबक घेऊन आल्यात. गुहागरच्या घरचं, त्यांच्या सासूबाईंच्या सासूबाईंचं. यापुढे त्यांना ओढ्यावर उतरून खडे आणणं झेपत नाही, म्हणून यंदा गौरी सुनेच्या हाती सोपवायच्या आहेत. त्या बोलल्या नाहीत, पण बॅगेतून काढून तबक माझ्याच कपाटात ठेवलंय. ज्येष्ठा गौर म्हणतात तिला. नावातच काय ते आलं. गौरी ८ सप्टेंबरला आहेत. तेव्हा १४ ऑगस्टला दोघी परत हव्यात.

ऊर्मिलावहिनी


व्हायडनमाट, ८ ऑगस्ट २०१६

ती. वहिनी, नमस्कार.

सुंठ पाण्यात, मेतकूट भातावर. चुकले नाही.

आई मजेत आहेत. पहिल्या दिवशी ओढा बघून त्या धुण्याच्या पायरीवर बसल्या त्या उठेचनात. म्हणाल्या, "हा तर आपला पऱ्ह्या!" आता रोज सकाळी पातळ खोचून तिथे जातात आणि स्वतःचं लुगडं स्वतः धुतात. मी मशीन दाखवलं, तर म्हणाल्या, "ते तुमच्या कपड्यांना." गावातली दोन माणसं लांबून बघत उभी होती. मला वाटलं, आता तक्रार होणार. तर दुसऱ्या दिवशी एक म्हातारबाबा आईंना बसायला लाकडी पाट देऊन गेले.

तुम्हाला खोटं वाटेल, पण अन्वी मराठी बोलतेय. इथल्या म्हाताऱ्या माणसांची बोली जर्मनच्या जवळची आहे. मादाम ओटचं बोलणं तिला कळतं, पण आजीला जर्मन कळत नाही. मग दोघींच्या मध्ये अन्वी दुभाषी. काल ती म्हणाली, "आजी, ती म्हणते फळं पिकली की तोडू नको, झाड हलव." आई इतक्या हसल्या! संध्याकाळी आजी तिला अक्षरं गिरवायला लावते. एक वही अर्धी भरलीय.

आता लिहायला जड जातंय, पण आईंनीच सांगितलंय म्हणून लिहिते. त्या म्हणतात, यंदा गौरी इथेच बसवू. वाहतं पाणी आहे, खडे पाण्यातून काढता येतील. तबक तुमच्याकडे आहे, ते येताना आणाल का? तुम्ही सगळेच या. दोघी मिळून करू.

रागावू नका.

विभावरी


बॉबलिंगेन, १२ ऑगस्ट २०१६

विभावरी,

आशीर्वाद वगैरे आज लिहिणार नाही.

पत्र मिळालं तसा आईंना फोन केला. गौरी थोरल्या घरी सोडून ओढ्याकाठी कशाला, असं विचारलं. आई म्हणाल्या, "ऊर्मिला, विकतच्या दगडांच्या गौरी होत नाहीत गं." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार वर्षं मी इथेही गौरी बसवते आणि त्यांना फोनवर सांगत आले की खडे इथल्या तळ्यातून आणते. या तळ्याला बांधीव काठ, बदकं आणि बाकडी. खडा शोधून सापडत नाही. पहिल्या वर्षी ऑफिसातून यायला उशीर झाला, आपण दोघी बाउमार्क्टला, त्या घर-बागेच्या सामानाच्या दुकानात, कुंड्या घ्यायला गेलो होतो, तिथे पांढऱ्या गोट्यांची पाच किलोची पिशवी दिसली. ती ट्रॉलीत टाकली कोणी? तू! वर म्हणालीस, "नळाखाली धुतले की झालं, वहिनी. देवी काय पावती मागते?" सात खडे गौरीला गेले, उरलेले बाल्कनीत कुंड्यांवर पसरले. ही गोष्ट या जगात फक्त तुला आणि मला ठाऊक होती.

तेव्हा आईंना कोणी सांगितलं हे शोधायला मला पंचांग उघडावं लागत नाही. घर मिळालं, झाड मिळालं, मैत्रीण मिळाली. सासूही आता तुझ्या पायरीवर लुगडं धुतेय. माझ्या मुलीला मी "पाणी दे" म्हटलं तर "ग्लाइश", आत्ता देते, असं जर्मनमध्येच म्हणते, तुझ्याकडे ती पंधरा दिवसांत मराठी बोलते. एवढ्यानं पोट भरलं नाही का? माझ्याकडे एक तबक होतं, तेवढंही काढून घ्यायचं?

मी जळते आहे. हो, जळते. तोंडावर लिहिते. तुझ्यासारखं गोड हसून पाठीमागे काडी लावणं मला जमत नाही.

तबक येणार नाही. आई आणि अन्वी रविवारी परत यायला हव्यात.

ऊर्मिला


व्हायडनमाट, १८ ऑगस्ट

प्रिय मम्मा,

मी हे पत्र स्वतः लिहीते. आजी शेजारी बसली आहे पण ती फक्त काना मात्रा सांगते.

रविवारी आम्ही आलो नाही कारण आजी म्हणाली मी रागात प्रवास करत नाही. तू फोनवर पप्पाला पण बोलू दिलं नाही.

काकू रडली. तिने तुझं पत्र वाचलं आणि झाडाखाली गेली. मी ते पत्र वाचलं. सॉरी. मला आता मराठी वाचता येते म्हणून वाचलं.

मम्मा, दगडाचं मी सांगितलं. आजीने विचारलं तुझी आई खडे कुठून आणते. मी म्हटलं बाउमार्क्टमधून, बाल्कनीत अजून खूप आहेत. ते गुपित होतं का? मला कोणी सांगितलं नव्हतं. काकूने फक्त माझ्याकडे असं बघितलं.

अजून एक. मादाम ओट काकूची मैत्रीण नाही. पहिल्या दिवशी मादाम ओटने मला विचारलं, ती लांब केसांची बाई कोण आहे? दीड वर्ष ती पडद्यामागून बघते आणि आत जाते. मी म्हटलं ती माझी काकू आहे. मग ती फळांचा केक घेऊन आली. काकू इथे फक्त पाववाल्याशी बोलते. ती म्हणते दोन. तो म्हणतो मेर्सी.

काकूवर रागवू नको. माझ्यावर रागव.

तुझी
अन्वी


बॉबलिंगेन, २४ ऑगस्ट २०१६

विभा,

अन्वीचं पत्र मिळालं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा अक्षर बघितलं, दुसऱ्यांदा मजकूर, तिसऱ्यांदा रडले. ते रडणं तुझ्यासाठी होतं की माझ्यासाठी, मला सांगता येणार नाही.

मी तुझ्यावर नाही नाही ते आळ घेतले. चुकले. आता हे लिहून झालं, परत लिहायला लावू नकोस.

पण तू तरी त्याच दिवशी का लिहिलं नाहीस की पोरीनं सांगितलं म्हणून? आणि त्या मादाम ओटचं काय? रोज दुपारी कॉफी! मी इथे ऑफिसच्या मशीनमधलं काळं पाणी पिताना तुमच्या त्या कॉफीचा विचार करून तडफडायचे. माझी तडफडसुद्धा फुकट गेली.

७ तारखेला संध्याकाळी आम्ही येतो. तबक आणते. पण हे तबक मी तुझ्या घरी ठेवून येणार आहे असा अर्थ काढू नकोस.

ऊर्मिला


व्हायडनमाट, २९ ऑगस्ट २०१६

ती. वहिनी,

लिहिलं नाही, कारण अन्वीचं नाव घेतलं असतं तर तुम्ही तिला ओरडला असता. तुमचा राग मला सवयीचा आहे, तिला नाही.

मैत्रिणीचं खोटं बोलले. तुम्ही दुकानातले दगड तळ्यातले म्हणून सांगितलेत, मी शेजारीण मैत्रीण म्हणून सांगितली. घर घ्यायचा हट्ट माझाच होता. हे सकाळी सहाला निघतात, संध्याकाळी सातला येतात. मधले तेरा तास मी आणि ते झाड. आता हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगायचं? बॉबलिंगेन सोडताना तुम्ही म्हणाला होतात, "बघ बाई, जंगलात करमेल ना?" म्हणून तर प्रत्येक पत्रात करकोचे घातले. ते करकोचेही परवा आफ्रिकेकडे गेले.

आणि जळण्याचंच म्हणाल तर तेही सांगते. आई इथे आल्यापासून मी दिवसातून दहा वेळा ऐकते, "ऊर्मिला आमटीला गूळ शेवटी घालते." "ऊर्मिला घड्या अशा घालते." लुगडं माझ्या ओढ्यावर धुतात आणि वाळत घालताना तुमचं नाव काढतात. पहिल्या आठवड्यात मी आमटीला मुद्दाम गूळ आधी घातला होता.

या. खडे कोणी आणायचे ते आई त्या दिवशीच सांगणार आहेत. मी काही विचारलेलं नाही.

विभावरी


बॉबलिंगेन, २ ऑक्टोबर २०१६

चि. विभाला अनेक आशीर्वाद, आधीचे थकलेले धरून.

आई सुखरूप गुहागरला पोचल्या. घर एकदम सुनं झालंय. दिवस तेच, केअरवोखेही पुन्हा आमच्याकडेच.

गौरी आल्या त्या सकाळी तू दारात ताट घेऊन उभी होतीस, तेव्हा ओढ्यापासून दारापर्यंतचं तुला माहीत नाही. ते सांगण्यासाठी हे पत्र. आईंनी सकाळी माझ्या हातात तबक दिलं, चूळभर पाणी तोंडात धरायला लावलं आणि म्हणाल्या, "आता दारात पाय धुवून होईतो एक शब्द नाही." त्यांनी मलाच का पाठवलं ते मला तेव्हाच कळलं. या घरात गप्प राहण्याची शिक्षा लागू पडेल अशी मी एकटीच.

कोपरापर्यंत हात बुडवून खडे काढले. पाणी असलं गार की बोटं बधिर झाली. विभा, ते खडे बघून मला लाज वाटली. एकही पांढरा नाही, एकही दुसऱ्यासारखा नाही. काळपट, तांबूस, एकाला मधून रेघ. बाउमार्क्टचे सगळे एकाच मापाचे होते आणि चार वर्षं मी त्यांनाच हळदकुंकू वाहत होते.

वाटेत मादाम ओट भेटली. "बोंजूर" म्हणाली. मी गाल फुगवून उभी. अन्वीनं तिला काय सांगितलं देव जाणे, पण तीही तोंडावर बोट ठेवून माझ्यामागून चालू लागली. मला तुझ्या घराकडे बघून मनात जे जे येत होतं ते सगळं त्या पाण्यासकट तोंडात होतं. हे अंगण, हे झाड, ही कौलं. बोलता आलं असतं तर एखादा टोमणा नक्की मारला असता. गिळावंच लागलं.

मग दारात तू माझ्या पावलांवर दूधपाणी घातलंस आणि विचारलंस, "गौरी गौरी, कशाच्या पावलांनी आलीस?" माझ्या तोंडात पाणी. मागून अन्वी ओरडली, "सोन्याच्या पावलांनी!" माझ्या मुलीचं मराठी, तुझ्या उंबऱ्यावर. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी जळजळही झाली. दोन्ही खरं आहे.

आईंचा निवाडा तुला फोनवर कळला असेलच. विमानतळावर, बॅगा आत गेल्यावर म्हणाल्या, "तबक ऊर्मिलाकडे राहील. गौरी विभाकडे बसतील." इतकंच, आणि गेल्या. मी गाडीत बसून ह्यांना म्हटलं, भांडं माझ्याकडे आणि देव तिच्याकडे, हा कुठला न्याय? ह्यांनी रेडिओ लावला.

आता खरं कारण लिहिते. ओढ्यातून मी सात खडे तबकात ठेवले आणि आठवा, तो रेघेचा, कनवटीला लावला. कोणाला न दाखवता. तिसऱ्या दिवशी सात पाण्यात सोडले, तू वाळू आणून घराभोवती टाकलीस, तेव्हाही तो माझ्या कमरेलाच होता. मला वाटलं, सगळंच तुझ्या ओढ्याचं का म्हणून? एक तरी माझ्या घरी येऊ दे. आता तो तबकात ठेवलाय, कपाटावर. बाल्कनीतले सगळे पांढरे गोटे खाली बागेत टाकून आले. म्हातारीनं विचारलं, "परवानगी घेतलीस का?" मी खुशाल "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणून टाकलं.

पण रोज दिवा लावताना मनात येतं, तीन दिवसांची माहेरवाशीण मी अडकवून ठेवलीय. चोरी केलीय आणि ती तुझ्याकडे केलीय. आईंना सांगू नकोस. तू काय म्हणायचं ते म्हण.

तुझी
ऊर्मिलावहिनी


व्हायडनमाट, ७ ऑक्टोबर २०१६

ती. वहिनींना नमस्कार.

खडे आठ होते हे मला दारातच कळलं होतं. पाय धुताना खाली वाकले, तर तुमच्या साडीवर कमरेपाशी ओला डाग पसरत होता आणि त्यातून थेंब थेंब पाणी तुमच्या पावलावर पडत होतं. मी त्याच्यावरच दूध घातलं. आईंनीही पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणून मी तोंड मिटून राहिले. पाणी तोंडात न धरता.

मला वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. वाटलं. म्हणून मीही एक केलं. तुमची गाडी भरत असताना अन्वीच्या पिशवीतून तिची मराठीची वही काढून घेतली. वहीवरचं नाव तिनंच घातलंय. "काकूकडे शिकलेली अक्षरं" असं लिहिलंय, तुम्ही पाहिलं नसेल. रोज दुपारी काढून बसते. मादाम ओट शेजारी असतात, खरंच असतात, आणि मी त्यांना एकेक अक्षर वाचून दाखवते.

वही पोस्टानं पाठवणार नाही. खडाही पोस्टानं पाठवू नका. पुढच्या वर्षी तबक घेऊन याल तेव्हा तो हातानं ओढ्यात सोडा आणि वही घेऊन जा.

आणि वहिनी, पुढच्या वर्षी पाणी तोंडात मी धरणार. ओढा माझा आहे.

विभावरी